प्रेशर मशीन विजेचे घ्यावे की पेट्रोलचे?



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाचा ठराव झाला, पीकविम्याच्या रखडलेल्या पैशाचा झाला, चहा झाला आणि माणसे चपला शोधू लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका गावच्या अवजार गटाने प्रश्न टाकला. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ज्वारीचा हडंबा धुवायला गटाला प्रेशर मशीन घ्यायचे आहे. पैसे जमले आहेत, पण गटात दोन तट पडले आहेत. तरुण पोरे म्हणतात विजेचे घेऊ; आवाज कमी, धूर नाही, पेट्रोलची कटकट नाही. जुनी माणसे म्हणतात, विजेच्या मशीनला दम नसतो, रोटाव्हेटरच्या पात्यांमागची वाळलेली खपली त्याने निघायची नाही. "तुम्ही शेतकीचे पदवीधर, तुम्हीच सांगा," म्हणाले.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला पानावरचे ठिपके ओळखायला शिकवले, चिखल धुवायला कोणी शिकवले नाही. पुढच्या महिन्यात कामानिमित्त ठाण्याला जाणे झाले, तेव्हा दोन दिवस जास्त राहिलो आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गाड्या आणि यंत्रे धुऊन पोट भरणाऱ्यांकडे हिंडून आलो. प्रश्न लहान दिसतो. पण कोरडवाहू गावातल्या गटाच्या दोन-तीन वर्षांच्या बचतीचा आहे, म्हणून या वेळी अग्रलेखाची जागा त्याला देतो. ठरावांना पुढचा अंक आहेच.

ठाणे-कल्याणच का, असे कोणी विचारील. घोडबंदर रस्ता, शिळफाटा, कल्याणचे मार्केट यार्ड, वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी. या भागात ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि जेसीबी किती, याला मोजदाद नाही. पावसाळ्याचे चार महिने चिखल. तिथला वॉशिंगवाला यंत्र हौसेने घेत नाही. चार पैसे सुटले तर यंत्र ठेवतो, नाहीतर भंगारात देतो. त्याचा अनुभव आपण फुकट घ्यावा. आणि दुसरे असे की तिथे हातात बंदूक धरून दिवसभर भिजणारी पोरे बघावीत तर कोणी जालन्याचा, कोणी परभणीचा, कोणी बुलढाण्याचा. वावराने सोडलेली आपलीच माणसे. त्यांनी मला हातचे राखून काही सांगितले नाही.

तर जिथे जागा पक्की होती तिथे मी गेलो त्या प्रत्येक ठिकाणी मोटार विजेची दिसली. पेट्रोलचे मशीन दिसले ते फिरत्या माणसांकडे: सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवरचे शेवाळ काढणारे, पाण्याच्या टाक्या धुणारे, वीज अजून आलेली नाही अशा नव्या बांधकामावर काम घेणारे. कल्याणच्या बाजूला एका वॉशिंगवाल्याला मी विचारले, आधी काय होते? म्हणाला, आधी पेट्रोलचेच होते. दिवसभर चालवले की संध्याकाळी मशीनची कमाई मशीनच पिऊन टाकायचे. कानाला दडे बसायचे ते वेगळेच.

म्हणजे पोरे जिंकली आणि जुनी माणसे हरली? थांबा. त्या वॉशिंगवाल्याची मोटार म्हणजे दुकानात चाकांवर उभे असते ते पिवळे-निळे प्लॅस्टिकचे खोके नव्हे. ती थ्री फेजची, पाच किंवा साडेसात एचपीची, बिडाच्या अंगाची मोटार. पट्ट्याने तीन पिस्टनचा पंप फिरवते. आपल्या विहिरीवर जी आहे तिचीच बहीण. जुन्या माणसांनी पाहिलेले आणि "दम नाही" म्हणून नाकारलेले मशीन वेगळे आणि हे वेगळे. दोन्हींना "विजेचे" हाच शब्द आहे, सगळा घोळ तिथे आहे.

हिशेब सोपा आहे, पाटीवर मांडून पाहा. पाण्याचा दाब किलोत घ्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो. मिनिटाला पाणी किती लिटर फेकते ते घ्या. दोन्हींचा गुणाकार करून ४५० ने भागा. जे येईल ते पाण्यात उतरलेले एचपी. घरगुती मशीन ९० किलो दाबाने मिनिटाला ६ लिटर फेकत असेल तर ५४० भागिले ४५०, म्हणजे सव्वा एचपीच्या आत. पेट्रोलचे साडेसहा एचपीचे इंजिन १८० किलो दाबाने १३ लिटर फेकते असे धरा; २,३४० भागिले ४५०, सव्वापाच एचपी. चौपटीहून जास्त. मग खपली निघणारच! पण हा चौपटीचा फरक पेट्रोलचा नाही, एचपीचा आहे. साडेसात एचपीची विजेची मोटार त्याच पंपाला लावा, तोच दाब आणि तेच पाणी मिळेल. लोखंडावर बसलेल्या मातीला मागे पेट्रोल जळते आहे की तारेतून वीज येते आहे, याचा पत्ता नसतो.

दुकानदार मात्र हिशेब सांगत नाही. खोक्यावर दाबाचा मोठा आकडा छापलेला असतो. तो बऱ्याचदा पंप कुठवर ताण सोसतो त्याचा असतो. चालताना मिळणारा दाब त्याहून कमी. पाणी किती लिटर, हे बारीक अक्षरात. आणि मोटार कोणत्या जातीची, हे तर विचारल्याशिवाय कळतच नाही. स्वस्त मशीनमध्ये मिक्सरसारखी, कार्बन ब्रशची मोटार असते. किंचाळते, तापते, थोडा वेळ चालवून विसावा द्यावा लागतो. विहिरीवरच्या मोटारीसारखी इंडक्शन मोटार जड असते, महाग असते, पण तासन्‌तास चालते. दुकानात गेलात तर हा एक प्रश्न आधी विचारा. उत्तर देताना दुकानदार चाचरला तर काय समजायचे ते समजा.

वीज जड काम करू शकत नाही, ही समजूत कल्याणात बसून मनात आणणे तर फारच गमतीचे आहे. कारण या देशात हा वाद शंभर वर्षांपूर्वी तिथेच निकालात निघाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची रेल्वे मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावली. ती हलकी लोकल होती, सपाटीवरची. खरी परीक्षा पुढे होती. कल्याणहून एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून इगतपुरीला जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्याला. दोन्ही घाटांत चढ असा की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. मालगाडी ओढताना वाफेच्या इंजिनांची छाती फुटायची. त्या घाटांसाठी स्वित्झर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये बांधलेली विजेची इंजिने आणली. पुढचे-मागचे तोंड लांब आणि मधले अंग वाकणारे, म्हणून लोक त्यांना मगर म्हणत. १९३० च्या सुमारास पुणे आणि इगतपुरी या दोन्ही दिशांना वीज पोचली होती आणि त्या मगरींनी पुढे कित्येक वर्षे घाटात माल ओढला. जी वीज बोरघाट चढवते ती रोटाव्हेटरचा चिखल काढणार नाही, असे कोण म्हणेल?

पण रेल्वेने त्या वेळी आणखी एक काम केले होते. कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला, उल्हास नदीच्या काठावर तिने स्वतःचे वीजघर उभारले. चोळ्याचे पॉवर हाऊस म्हणून जुनी माणसे ते ओळखतात, १९२९ सालचे. आज ते चालत नाही. घाटात गाडी अर्ध्यावर असताना वीज गेली तर काय, हा प्रश्न गोऱ्या इंजिनिअरला पडला आणि त्याने मगर घाटात उतरवताना विजेची सोयही स्वतःच्या हातात ठेवली. आपल्याकडे याच्या उलटे घडले. मोटारी दिल्या, कनेक्शनचे कोटेशन भरून घेतले, खांब उभे केले आणि वीज कधी येईल हे मात्र वेळापत्रकावर सोडले. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री. रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला ठाण्याचा वॉशिंगवाला कुठले मशीन वापरतो हे सांगून उपयोग काय? त्याचे बटण दाबले की मोटार फिरते. तुमचे बटण दाबले की आधी खांबाकडे बघावे लागते.

मी स्वतः या खड्ड्यात पडलो आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून सिंगल फेजचे एक मशीन घेतले. चांगले नावाजलेले होते. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात ते घों करून उभे राहिले, वास आला आणि संपले. दुकानदाराने उघडून पाहिले आणि वॉरंटी नाकारली. आम्ही भांडलो. मग वायरमनने आमच्या घरच्या बोर्डावर मीटर लावले: १७० व्होल्ट. डीपीपासून शेवटच्या टोकाचे घर, त्यातून आम्ही गोठ्यापर्यंत पन्नास मीटर बारीक वायर ओढलेली. दोष दुकानदाराचा किती आणि आमचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, हे मी परीक्षेत लिहिले होते आणि वावरात विसरलो होतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर व्होल्टेज एक पंचमांशाने कमी झालेले दिसते, पण जोर राहतो शंभरातला एकसष्ट. काम तेवढेच मागितले की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. जुन्या माणसांचे "दम नाही" हे शब्द चुकीचे नव्हते. दम तारेत नव्हता, त्यांनी तो मशीनमध्ये शोधला एवढेच.

आता पेट्रोलच्या बाजूने जे बोलायचे ते बोलतो. २६ जुलै २००५ मुंबईने पाहिला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्या कोरडवाहू गावाचा सव्वा वर्षाचा पाऊस. मुंबईचे नाव सगळीकडे झाले, पण उल्हास आणि वालधुनीच्या पुराने कल्याण आणि आसपासची वस्ती बुडाली होती ते इकडच्या लोकांना फारसे ठाऊक नाही. पाणी उतरल्यावर घरात, दुकानात, यंत्रांत गाळ राहतो. तो ओला असताना निघाला तर निघाला, वाळला की सिमेंट. आणि नेमके त्या दिवसांत वीज बंद असते. मीटर पाण्यात गेलेले, डीपी पाण्यात गेलेली, चालू करावी तर माणूस मरायचा. अशा वेळी ठाण्याचे थ्री फेजचे मशीन शोभेचे राहते. तिथे पेट्रोल किंवा डिझेलच लागते, दुसरे काही नाही. आपल्याला हे परके वाटायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात सीनाकाठी आणि इतरत्र जे झाले त्यात गोठे, मोटारी, कडब्याच्या गंजी गाळात गेल्या आणि वीज परत यायला दिवस लागले. दुष्काळी म्हणून ज्या तालुक्यांची नावे आपण पाठ केली, त्यांनीच पूर पाहिला.

फिरून धुण्याचे काम, विजेविना जागा आणि पुरानंतरचा गाळ, या तीन ठिकाणी पेट्रोलच्या इंजिनाला आज तरी विजेचा पर्याय नाही. बॅटरीवरची छोटी मशीने निघाली आहेत. मोटारसायकलवरची धूळ उडवायला ठीक. हडंब्यापुढे त्यांचे नाव काढू नका.

पैशाचे बोलू. साडेसहा एचपीचे पेट्रोल इंजिन तासाला सव्वा ते दीड लिटर पिते असे धरा. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ मध्ये लिटरला शंभरी ओलांडली. तेव्हा शंभर रुपयांच्या हिशेबाने धरले तरी तासाला सव्वाशे ते दीडशे रुपये. तेवढेच काम करणारी मोटार तासाला पाच युनिटच्या आसपास घेते. धंद्याच्या कनेक्शनचा दर युनिटला दहा-बारा रुपये धरला तर पन्नास-साठ रुपये. फरक कशामुळे? लहान पेट्रोल इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेचा चौथा-पाचवा हिस्सा कामाला लावते, बाकीची सायलेन्सरमधून आणि पत्र्यातून हवेत. मोटार आलेल्या विजेतला ऐंशी टक्क्यांहून जास्त हिस्सा फिरवण्यात घालते. शिवाय ऑईल बदला, प्लग साफ करा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून डिंक झाला तो काढा. वर्षातून दोन हंगाम चालणारे इंजिन मधले आठ महिने पडून असते, तो डिंक हमखास होतो. ठेवताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवले तर पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून खांदा निखळणार नाही.

पण रोज दहा तास धुणाऱ्या कल्याणच्या माणसाचा फरक आणि आपल्या गटाचा फरक सारखा नाही. गटाचे मशीन वर्षाला शंभर तास चालले तरी पुष्कळ. शंभर तासांत वाचले आठ-नऊ हजार. तेवढ्यासाठी वीज येण्याची वाट बघत ट्रॅक्टर उभा ठेवायचा का, हे गटाने ठरवावे. माणसाच्या ताटकळण्याला आपण हिशेबात कधीच धरत नाही.

इथे थोडे मातीचे बोलतो, माझा विषय आहे. आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून दगड होते. वाळलेल्या खपलीवर दीडशे किलोचा दाब मारला तर खपलीचे तुकडे उडतात, रंगही उडतो आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत चिखल. तीच खपली आधी साध्या पाण्याने भिजवा, वीस मिनिटे बिडी ओढा (ओढत नसाल तर फारच चांगले) आणि मग धुवा. माती स्वतः फुगून लोखंड सोडते, निम्म्या दाबात काम होते. ठाण्याकडचा मुरमाड चिखल असा वागत नाही, म्हणून तिथल्या पोरांना हे माहीत नव्हते. हे ज्ञान आपले. दाब माती सोडवतो आणि पाण्याचा लोट ती वाहून नेतो. चिखलाला लोट जास्त लागतो, रंग आणि गंजाला दाब. वंगण आणि तेलाला दोन्ही पुरत नाहीत. त्याला गरम पाणी किंवा साबण हवा. गार पाण्याने वंगण काढायला मशीन मोठे मोठे घेत जाणे म्हणजे थंड तव्यावर भाकरी भाजायला तवा मोठा घेण्यासारखे आहे.

पाण्याचाही विचार करा. मिनिटाला १३ लिटरचे मशीन तासाला ७८० लिटर पाणी ओतते. मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावात हे पाणी कुठून आणणार? गावात बाया हंडे घेऊन उभ्या असताना गटाने ट्रॅक्टर धुतला तर गट त्याच दिवशी मोडेल, आणि मोडावाच. मोकळी नळी धरून धुण्यापेक्षा प्रेशर मशीनला पाणी पुष्कळ कमी लागते हे खरे, पण तेही पाणीच आहे.

फवारणीच्या टाकीबद्दल वेगळे सांगतो, कारण या गटाच्या मनात तेही होते. ज्वारीत रुंद पानाच्या तणासाठी मारलेल्या टू-फोर-डीचा अंश टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहिला आणि तीच टाकी पऱ्हाटीला लावली, तर पऱ्हाटीची पाने भेंडीच्या पानासारखी लांबट आणि चिरलेली होतात, पात्या गळतात. अगदी थोडा अंश पुरतो. ही टाकी बाहेरून कितीही दाबाने धुतली तरी विष आत नळीत बसलेले असते. ती आतून धुवायची: पाणी भरा, हलवा, नोझलमधून वाहू द्या, पुन्हा भरा, तिसऱ्यांदा भरा. त्याहून बरे म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर लाल पट्टा मारा. आणि विष लागलेल्या डब्यावर किंवा ड्रमवर प्रेशरची बंदूक कधी धरू नका. दाबाने त्याचे धुके होते आणि ते तुमच्या नाकात जाते. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्याने किती माणसे गमावली ते आपण विसरलेलो नाही.

मग घ्यायचे काय? माझे मत असे. पंप आणि त्याला फिरवणारे यंत्र एकाच अंगात घट्ट जोडलेले घेऊ नका. पट्टा आणि पुलीवर चालणारा, तीन पिस्टनचा पंप घ्या, ज्याला बाजारात एचटीपी म्हणतात. द्राक्षवाले आणि डाळिंबवाले तो फवारणीला वापरतात, दुरुस्तीचे सामान तालुक्याला मिळते. तीन एचपीला तीस किलो दाबाने मिनिटाला छत्तीस लिटर असा त्याचा अंदाज धरा, ४५० च्या हिशेबात घालून पाहा, बरोबर बसेल. दाब कमी, लोट मोठा. काळ्या मातीला हेच हवे. पाणी टंचाईचे असेल तर लहान नोझल लावा आणि जास्तीचे पाणी परत टाकीत सोडा. हाच पंप वीज असेल तेव्हा मोटारीवर चालवा. वीज नसेल तेव्हा गावात पडून असलेल्या जुन्या डिझेल इंजिनावर, नाहीतर ट्रॅक्टरच्या पीटीओवर. फेऱ्यांचा मेळ मात्र पुलीने नीट बसवा, पंपावर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवला तर सील उडतील. भिंतीचा रंग काढायचा किंवा गंज खरवडायचा असेल तर हा पंप कमी पडेल. असे काम वर्षातून एकदा निघत असेल तर तेवढ्या दिवसापुरते पेट्रोलचे मशीन भाड्याने आणा.

पोरांनी धंद्याचे वॉशिंग सेंटर काढायचे मनात घेतले असेल, आणि ते चांगलेच आहे, तर एक सावधगिरी. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गिऱ्हाइकांच्या गाड्या धुऊ नका. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ आहे. ज्या कामासाठी कनेक्शन दिले त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरली की दंडाचे बिल येते. २०२४ साली साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत जाहीर झाली, म्हणून ती मोकळी सुटली असे समजू नका. आठ तासांची वीज फुकट देणारे सरकार त्याच विजेवर तुमच्या पोराने रोजगार काढला तर दंड करते, यावर काय बोलायचे ते मी बैठकीत बोलेन. सौरपंपवाल्यांचीही विचारणा आली आहे. दिवसा ऊन असताना पाच एचपीचा सौरपंप पुष्कळ वेळ रिकामाच असतो. त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी अशी दुसरी यंत्रे चालवणारा कंट्रोलर असतो, कुसुम योजनेच्या नियमांत त्याला जागाही आहे. पण साध्या कंट्रोलरवर दुसरी मोटार जोडलीत तर कंत्राटदार हमीतून हात काढून घेईल. आधी लेखी विचारा.

जिवाचे दोन शब्द सांगून संपवतो. पाणी आणि वीज एकत्र आणतो आहोत. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि तीस मिलिअँपिअरचा गळती तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय मोटार सुरू करू नका. ओल्या पायाने, उघड्या जोडाच्या वायरीने तर नाहीच. पेट्रोलचे इंजिन बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये चालवू नका, त्याच्या धुरातला वायू वास न देता मारतो. जास्त दाबाच्या मशीनची धार हातावर धरून गंमत करू नका. ती कातडी भोसकून पाणी मांसात घालते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आत हात सडतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा. रेडिएटरच्या जाळीवर, बेअरिंगवर, डायनामोवर सरळ धार नको.

ज्या गटाने प्रश्न विचारला त्यांनी पैसे अजून खर्च करू नयेत. पुढच्या बैठकीआधी सात दिवस तीन वेळा व्होल्टेज मोजा: सकाळी सातला, दुपारी दोनला, रात्री नऊला. वायरमनकडचे साधे मीटर चालेल. मोटार बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा मोजा, आणि वीज आली-गेल्याची वेळ शेजारी लिहा. इतर गावांनीही मोजून आणा. वही बैठकीत समोर ठेवू. मशीन कोणते घ्यायचे ते त्या वहीतून ठरवू, आणि तीच वही वीज कंपनीच्या उपविभागाच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला आपण सगळे मिळून जाऊ.